दमा असलेल्या लेकराला मैदानात उतरवताना

मागच्या वर्षी जुलैत आमची लेक शाळेतून एक चिठ्ठी घेऊन आली. चौदा वर्षांखालील खो-खोच्या संघात निवड झाली होती, पालकांची सही हवी होती. सासूबाईंनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, “हिले दमा हाय हे सांगतलं का कोनी त्या सरले?” कोणीच सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. पाचव्या वर्षापासून पोरीच्या दप्तरात इनहेलर होता, पण शाळेच्या कुठल्याही कागदावर ‘दमा’ हा शब्द आम्ही लिहिला नव्हता. मुलीच्या जातीला असलं काही लिहू नये, हे आमच्याकडे न बोलता ठरलेलं होतं.

सही केली. पुढच्या वर्षभरात जे चुकत-माकत शिकले, ते इथं क्रमानं मांडते आहे. मी डॉक्टर नाही. औषधाची मात्रा ठरवायची वेळ येईल तिथं शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती मला फार उशिरा उमगली. लेकराला मैदानावर धाप लागली की आपण खेळ कमी करतो. खरं तर पहिला संशय उपचारावर घ्यायचा. दमा नीट आटोक्यात असलेलं मूल बहुतेक सगळे खेळ खेळू शकतं. धावता येत नसेल तर औषध कमी पडतंय, चुकीच्या पद्धतीनं घेतलं जातंय, किंवा दुखणं भलतंच आहे.

सासूबाईंची समजूत एका क्रिकेटपटूनं घातली. युवराजनं २००७ साली ज्याला एका षटकात सहा षटकार मारले, तो स्टुअर्ट ब्रॉड दम्याचा. पुढं त्यानंच कसोटीत ६०४ बळी घेतले. ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफला चौदाव्या वर्षी दमा असल्याचं कळलं आणि २००३ साली तिनं लंडनची मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत धावली. तो महिलांचा जागतिक विक्रम सोळा वर्षं टिकला. सासूबाईंना रॅडक्लिफ कोण ते ठाऊक नाही, पण सहा षटकार त्यांनी टीव्हीवर पाहिले होते.

धावल्यावर छातीत काय होतं

एरवी आपण नाकानं श्वास घेतो. हवा नाकातून जाताना कोमट आणि ओलसर होते. जोरात धावताना तोंड उघडतं आणि कोरडी हवा थेट आत जाते. श्वासनलिकांच्या अस्तरातली ओल उडते, आधीच सुजलेल्या नलिका चिडतात आणि भोवतीचे स्नायू आवळतात. त्रास धावताना सुरू होऊ शकतो, पण बरेचदा तो थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी वाढतो आणि अर्ध्या ते एका तासात ओसरतो. म्हणून क्रीडाशिक्षकांना तो दिसतच नाही. पोरगी मैदानात झकास पळते आणि पुढच्या तासाला गणिताच्या बाई म्हणतात, “ही सारखी खोकते.” आमच्या घरी दोन वर्षं आम्ही तो खोकला धुळीचा समजलो.

पहिली पायरी: दुखण्याला त्याच्या नावानं हाक मारा

‘ॲलर्जिक खोकला’, ‘बाळदमा’, ‘छाती भरते’, ‘कफ होतो’. नागपुरात दम्याला दहा टोपणनावं आहेत. डॉक्टरांना सरळ विचारा, हा दमा आहे का? सहा वर्षांपुढच्या मुलाची फुंकर मारायची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, बहुतेक वेळा करता येते. नळीत जोरात फुंकायचं, मग श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. आकडा बराच सुधारला तर दम्याची शक्यता बळावते. खाजगीत जायचं नसेल तर मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं आहेत. सकाळी लवकर जा आणि मुलाचं पुस्तक बरोबर न्या, ओपीडीत वेळ जातो.

प्रत्येक धाप दम्याची नसते, हेही डॉक्टरांशी बोला. श्वास आत घेताना घशातून घर्र आवाज येतो, गळा आवळल्यासारखा वाटतो, खेळ थांबवला की दोन-चार मिनिटांत सगळं शांत होतं आणि इनहेलरनं काडीचा फरक पडत नाही, असं असेल तर स्वरयंत्राची अडचण असू शकते. वयात येणाऱ्या मुलींमध्ये ती दिसते. रक्त कमी असलं तरी दम लागतो. आमच्या संघातल्या एका मुलीला सगळे दम्याची समजत होते, तिचं हिमोग्लोबिन कमी निघालं. आणि कधीकधी पोर नुसतं सरावाबाहेर असतं, बस्स.

दुसरी पायरी: दोन पंप, दोन कामं

इथं सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबते.

एक पंप, म्हणजे इनहेलर, तात्काळ आराम देणारा. बहुतेक वेळा निळा, आत साल्बुटामॉल. आवळलेले स्नायू पाच-दहा मिनिटांत सैल करतो, तीन-चार तास टिकतो, पण सूज कमी करत नाही. दुसरा प्रतिबंधक, ज्यात ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसारखं स्टिरॉइड असतं. तो सूज उतरवतो, पण रोज घेतला तर आणि हळूहळू. परिणाम दिसायला आठवडे लागतात. लगेच काही जाणवत नाही, म्हणून घरोघरी हाच आधी बंद पडतो. काही मुलांना दोन्ही कामं करणारा एकच पंप देतात, फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड एकत्र असलेला. तुमच्या मुलाच्या हातात कोणता आहे ते डब्यावरचं नाव वाचून पाहा. रंगावर जाऊ नका.

२०१९ पासून दम्याची जागतिक मार्गदर्शक सूचना सांगते, की किशोरवयीन आणि मोठ्या रुग्णांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये, बरोबर सूज उतरवणारं औषध हवंच. वर्षात निळ्या पंपाचे तीन किंवा जास्त डबे संपत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला आहे. दुकानदार न विचारता देतो म्हणून हा हिशेब कोणी ठेवत नाही. तुम्ही ठेवा.

‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा सिरप बरं’ हे मी सख्ख्या नणंदेकडून ऐकलं आहे. आकडे बघा. पंपाच्या एका दाबात साल्बुटामॉल १०० मायक्रोग्रॅम असतं. सिरपच्या नेहमीच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलीलिटरमध्ये, २ मिलिग्रॅम. एका चमच्यात वीस दाबांचं औषध जातं, आणि तेही पोटातून रक्तात, रक्तातून सगळीकडे. म्हणून सिरप दिल्यावर पोरांचे हात थरथरतात आणि छाती धडधडते. स्टिरॉइडची भीती अगदीच खोटी नाही. श्वासातून रोज घेतलेल्या स्टिरॉइडनं मोठेपणीची उंची साधारण एखाद्या सेंटीमीटरनं कमी भरू शकते. पण आटोक्यात नसलेला दमाही वाढ खुंटवतो, आणि प्रत्येक झटक्याला पोटातून दिलेल्या स्टिरॉइडचा हिशेब वेगळाच. मी एक सेंटीमीटर पत्करला.

मृगाच्या सुमाराला हैदराबादला जाऊन दम्यावरचा म्हणून मासा गिळवून आणणारे आमच्या गल्लीत दोघं आहेत. त्यांच्याशी वाद घालायचा मी सोडला. एवढंच सांगते, मासा गिळवा नाहीतर नका गिळवू, प्रतिबंधक पंप बंद करू नका.

तिसरी पायरी: पंप घ्यायचा कसा

आठ वर्षांची असल्यापासून लेक पंप थेट तोंडात मारून घ्यायची. एकदा डॉक्टरांनी समोर घ्यायला सांगितला. तिनं दाबला, ओठांच्या कोपऱ्यातून पांढरी वाफ बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, “हे अर्धं औषध माझ्या टेबलानं घेतलं.” तेव्हापासून स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी.

क्रम असा. पंप चार-पाच वेळा हलवायचा. नवा किंवा बरेच दिवस न वापरलेला असेल तर पत्रकात सांगितले असतील तितके दाब आधी हवेत सोडायचे. स्पेसरला जोडायचा. पाठ सरळ, श्वास हळू पूर्ण सोडायचा. तोंडाची नळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे. एक दाब. सावकाश, चहा फुरकतो त्याच्या निम्म्या वेगानं, आत ओढायचं आणि मनात दहापर्यंत मोजत धरून ठेवायचं. इतका वेळ धरता येत नसेल तर स्पेसरमध्येच चार ते सहा साधे श्वास घ्यायचे. दुसरा दाब अर्ध्या मिनिटानं, पंप पुन्हा हलवून. दोन दाब एकदम मारून एकदाच ओढणं ही आपली आवडती चूक आहे. प्रतिबंधक घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात. आम्ही तो पंप टूथब्रशच्या पेल्याशेजारी ठेवला. ब्रश करण्याआधी पंप, मग आपोआप चूळ. विसरणं जवळजवळ थांबलं.

स्पेसर आठवड्यातून एकदा भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळत ठेवायचा. आतून फडक्यानं पुसला की प्लास्टिकवर विजेचा भार येतो आणि औषध भिंतींना चिकटून बसतं.

रोटाकॅप, म्हणजे कॅप्सूलमधली औषधाची पूड, वापरणाऱ्यांना उलटं करायचं असतं, म्हणजे जोरात आणि खोल ओढायचं. त्या कॅप्सूल पावसाळ्यात दमट होतात, डबी घट्ट लावा. जोरात धाप लागलेल्या मुलाला तेवढा जोर काढता येत नाही, म्हणून मैदानाच्या पिशवीत पंप आणि स्पेसरच हवा.

डबा किती उरला ते मोजा. सप्टेंबरमध्ये सक्करदऱ्याकडच्या एका मैदानावर सामना होता. दुसऱ्या डावाआधी लेकीला घरघर सुरू झाली. पंप दाबला, फुस्स आवाज आला, वाफ दिसली, तिला काही फरक पडेना. सहा दाब झाले. मग शेजारच्या संघातल्या एका मुलाच्या आईनं आपला पंप दिला आणि दहा मिनिटांत पोरगी बोलू लागली. आमच्या डब्यातलं औषध संपलं होतं, उरला होता तो नुसता ढकलणारा वायू. डबा पाण्यात तरंगवून बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही. उरलेले दाब आकड्यात दाखवणारा डबा घ्या. नसेल तर उघडल्याची तारीख मार्करनं लिहा आणि भागाकार करा. १२० दाबांचा डबा, रोज चार दाब, म्हणजे बरोबर तीस दिवस. चूक माझी होती. मीच सकाळी पिशवी भरली होती.

चौथी पायरी: आकडा आणि वही

पीक फ्लो मीटर नावाची नळी औषधाच्या मोठ्या दुकानात मिळते आणि वर्षानुवर्षं टिकते. उभं राहून, खोल श्वास घेऊन, वाढदिवसाची मेणबत्ती विझवावी तसं एका झटक्यात फुंकायचं. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. बरं असताना दोन-तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकलं की मुलाचा ‘सर्वोत्तम’ आकडा मिळतो. आमच्या लेकीचा ३२०. त्याच्या ८० टक्के म्हणजे २५६, त्यावर असली की खेळ मोकळा. २५६ ते १६० मध्ये सराव हलका आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे औषध. १६० च्या खाली, म्हणजे निम्म्याहून कमी, तर दवाखाना. तक्त्यातले सरासरी आकडे बघून घाबरू नका, तुलना मुलाची त्याच्याशीच.

डॉक्टरांच्या परवानगीनं आम्ही एक छोटी परीक्षा घेतली. निळा पंप हातात ठेवून, निवांत संध्याकाळी. आधी फुंकलं: ३१०. मग सहा मिनिटं चांगलं पळाली. थांबल्यावर पाच मिनिटांनी २६५, दहाला २५०, अर्ध्या तासाला २९५. उतार पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर धावण्यानं श्वासनलिका आवळतात असं धरतात. हिचा एकोणीस. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला. ‘कधीकधी खोकते’ असं मी दोन वर्षं सांगत होते, त्यावर काही झालं नव्हतं. आकड्यांवर त्याच दिवशी उपचार बदलला. खेळ सुरू करण्याआधी चार ते सहा आठवडे प्रतिबंधक नियमित घ्यायला लावला.

पाचवी पायरी: खेळ निवडताना

फुटबॉल, बास्केटबॉल, हॉकी, लांब पल्ल्याची धाव यांत श्वासाला उसंत नसते, म्हणून ते जड. थांबत-थांबत खेळायचे खेळ हलके: व्हॉलीबॉल, क्रिकेट, टेबल टेनिस, उड्या, फेकी. पोहण्यात हवा दमट असते, दम्याला मानवते. पण पाण्यातल्या क्लोरिनचा वास नाकात बसत असेल, विशेषतः छपराखालच्या तलावात, तर काही मुलांना तोच बाधतो. आठवडाभर पोहवून बघा. नागपूरच्या मालविका बनसोडमुळे बॅडमिंटनचे वर्ग भरलेले असतात आणि बंद सभागृहात धूळ कमी, हा त्याचा फायदा. ‘दमा आहे तर बुद्धिबळात घाला’ म्हणणारेही भेटतील. दिव्या देशमुखनं २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून तर फारच. मुलाला बुद्धिबळ आवडत असेल तर जरूर घाला, पण पळायला नको म्हणून नाही.

खो-खोबद्दल जास्त लिहिते, कारण तो आमचा. या खेळाची रचना दम्याच्या पोराला बरीच सोयीची आहे. संरक्षण करताना तीन-तीनची तुकडी आत येते, पळते, बाद होते, बाहेर बसते. पाठलाग करताना नऊपैकी आठ जण मधल्या पट्टीत बसलेले असतात. झेप, थांबा, झेप. मारक आहे ती धूळ. खांबाजवळ सूर मारला की तोंड जमिनीपासून वीतभर असतं आणि आत जाते ती माती. सरांना सांगून सरावाआधी मैदानावर पाणी मारून घ्या. आमच्याकडे सगळ्याच मुली खोकत होत्या, त्यामुळे हे काही खास लाड ठरले नाहीत.

कबड्डीचं वेगळं. चढाई करणाऱ्यानं एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत तीस सेकंदांत परत यायचं. दम्यात अडचण श्वास बाहेर सोडताना होते, आणि हा खेळ सगळा श्वास सोडण्यावरच. तरी दमा असलेली मुलं कबड्डी खेळतात. कोपरा रक्षक म्हणून सुरुवात करावी आणि पकडीत तरबेज व्हावं. चढाईला घाई नाही.

सहावी पायरी: शाळेला लेखी द्या

सरांना तोंडी सांगितलं की ते विसरतात. त्यांच्याकडे साठ मुलं असतात. डॉक्टरांच्या कागदावर पाच ओळी लिहून घ्या: दमा आहे, खेळायला हरकत नाही, खेळाआधी हे औषध, त्रास झाला तर हे, या नंबरवर फोन. एक प्रत मुख्याध्यापकांना, एक क्रीडाशिक्षकांना, एक वर्गशिक्षकांना, एक मुलाच्या पिशवीत. ‘खेळायला हरकत नाही’ हे वाक्य विसरू नका. ते नसेल तर जबाबदारी नको म्हणून पोराला बाकावर बसवतात. आमच्या लेकीला एका शिबिरात ऐकावं लागलं, “दम नाही तर आली कशाला?” घरी येऊन ती दोन दिवस बोलली नाही. आमचे शाळेचे सर मात्र कागद वाचून म्हणाले, “मॅडम, पोरगी चांगली खेळून राहिली, खेळू द्या न. पंप कुठं ठेवते तेवढं मले दाखवून द्या.” मला तेवढंच हवं होतं.

पंप मुलाजवळच राहिला पाहिजे. ऑफिसातल्या कपाटात, कुलपात, शिपायाकडे नको. कमरेला बांधायची छोटी पिशवी, तीवर नाव आणि वर्ग. दोन मैत्रिणींना तो कसा द्यायचा ते शिकवून ठेवा. मोठ्यांपेक्षा त्या लवकर धावतात.

सातवी पायरी: पहिले सहा आठवडे

सरावात सगळ्यांना मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावतात. दम्याच्या मुलाला न थांबता दहा फेऱ्या हीच सगळ्यात वाईट सुरुवात. आम्ही सरांशी बोलून ती तोडली. आधी पाच मिनिटं चाल आणि हलकी धाव. मग पंधरा-वीस सेकंदांच्या जोरदार धावा, मध्ये मिनिटभर चालणं, असं सहा ते आठ वेळा. मग दोन-चार मिनिटं अंग ताणणं. अशा तयारीचा फायदा निव्वळ स्नायूंचा नाही. बऱ्याच मुलांच्या श्वासनलिका त्यानंतर एक ते तीन तास सहसा पुन्हा तितक्या आवळत नाहीत. सामना त्या वेळात बसवायचा.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड अर्धा तास. मापक एकच: पळताना तुटक का होईना वाक्य बोलता येतं का. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाठलागाचे छोटे डाव, पाचव्यापासून पूर्ण. सर्दी-ताप झाला की एक आठवडा मागे यायचं, लाज वाटू द्यायची नाही. सराव संपला की धपकन बसायचं नाही, पाच-सात मिनिटं चालत थंड व्हायचं.

डॉक्टरांनी लिहिलं असेल तर निळ्या पंपाचे दोन दाब खेळाआधी पंधरा मिनिटं. मैदानावर पोचल्यावर नाही, घरून निघताना. रोजच्या रोज आधी दाब घ्यावे लागत असतील, तर तो प्रतिबंधक कमी पडत असल्याचा निरोप आहे. वहीत लिहा आणि दाखवा. आमच्याकडे सुरुवातीला दररोज लागायचे, दिवाळीपर्यंत फक्त सामन्याला.

आणि नाक. नाक चोंदलेलं मूल तोंडानंच श्वास घेणार. ॲलर्जीच्या सर्दीचा उपचार झाला नाही तर वरच्या सगळ्या पायऱ्या लंगड्या पडतात.

मैदानावर झटका आला तर

आमच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहून दिलेला क्रम असा आहे. तुमचा त्यांच्याकडून लिहून घ्या आणि पाठ करा.

खेळ तात्काळ थांबवा. मुलाला बसवा, पाठ ताठ, किंचित पुढे वाकलेली, हात गुडघ्यांवर. आडवं झोपवू नका. भोवतीची गर्दी हटवा. स्पेसरमधून निळ्या पंपाचे चार दाब, एका वेळी एक, प्रत्येक दाबाला चार श्वास. चार मिनिटं थांबा, घड्याळ बघून. फरक नसेल तर पुन्हा चार दाब. तरीही नसेल तर १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत दाब चालू ठेवायचे. एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, पोर गुंगल्यासारखं होतं, यातलं काहीही दिसलं तर चार मिनिटांची वाट न बघता आधी १०८. घरघर अचानक बंद झाली पण मूल थकत चाललंय, तर तो आराम समजू नका. हवा जातच नाहीये.

स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडा आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायला लावा. जुगाड वाटतो, पण काम करतो. छातीला बाम चोळणं, कांदा हुंगवणं, पाणी पाजत बसणं यात वेळ घालवू नका. आठ दाब लागले त्या दिवशी परत मैदानात नाही, उपांत्य फेरी असली तरी.

पाय मुरगळला म्हणून कोणी आयबुप्रोफेनची गोळी दिली तर आधी विचारा. दम्याच्या काही रुग्णांना त्या जातीच्या वेदनाशामकांनी झटका येतो.

नागपूरचं वर्ष

आपल्याकडे विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. तोच पावसाचा, ओल्या भिंतींचा, सर्दी-खोकल्याचा काळ. पहिला झटका बरेचदा तेव्हाच. घरात दोषी कूलर. उन्हाळाभर ओली राहिलेली खस कुजते, बुरशी धरते, आणि रात्रभर तीच हवा पोराच्या तोंडावर. खस दरवर्षी नवी, टाकी आठवड्याला रिकामी करून घासायची, पाऊस लागला की कूलर बंद. आम्ही पलंग कूलरसमोरून हलवला, तेवढ्यानंही रात्रीचा खोकला कमी झाला.

ऑगस्ट-सप्टेंबर हे शालेय स्पर्धांचे दिवस, आणि मैदानाच्या कडेनं गाजर गवत फुलायचेही. फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटून घ्या, आणि ते काम दम्याच्या मुलाकडून करवू नका. दिवाळीत फटाक्यांचे तीन-चार दिवस सराव बंद. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास किंवा त्याखाली येतो, थंड हवेत धूर जमिनीलगत साचून राहतो, कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या पेटलेल्या. सहाचा सराव दुपारी चार-साडेचारला हलवता आला तर बघा. नाहीच तर तयारीची धाव नाका-तोंडावर ओढणी गुंडाळून. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या समीर ॲपवर हवेचा निर्देशांक पाहायला दोन मिनिटं लागतात. १०० पर्यंत आम्ही निर्धास्त, २०० च्या वर गेला की घरात दोरीच्या उड्यासुद्धा नाही, नुसतं ताणणं. हा आमचा नियम, तुमच्या मुलाचा त्याच्या आकड्यावरून ठरवा.

एप्रिल-मेमध्ये उलटं, सकाळी सहालाच. पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा पंप स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. बहुतेक डब्यांवर तीस अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं, आणि दाबाखालचा डबा उन्हात तापवणं धोक्याचं. आमचा घरात माठाजवळच्या कोनाड्यात असतो, प्रवासात डब्याच्या पिशवीत.

खाण्याचं म्हणाल तर केळी, दही, संत्री बंद करून काही होत नाही, जोवर त्या पदार्थाची खरी ॲलर्जी सिद्ध झालेली नाही. नागपूरच्या पोराला हिवाळ्यात संत्री नाकारणं हा तर निव्वळ छळ. सरावानंतर तर्री-पोहे खाऊन आमची कधी खोकली नाही. मच्छर अगरबत्तीचा धूर मात्र घरातून हद्दपार केला.

वरच्या पातळीवर गेली तर

तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी आहे. राज्य-राष्ट्रीय पातळीवर उत्तेजक द्रव्यांची चाचणी होऊ शकते. श्वासातून घेतलेलं साल्बुटामॉल चालतं, पण मर्यादेत: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही, म्हणजे सहा दाब. श्वासातलं स्टिरॉइड चालतं. स्टिरॉइडच्या गोळ्या स्पर्धेच्या काळात बंदीत येतात आणि साल्बुटामॉलचं सिरपही चालत नाही. झटक्यात जीव वाचवायला लागेल ते द्यायचंच, पण डॉक्टरांचे कागद जपून ठेवायचे आणि संघ व्यवस्थापकाला त्याच दिवशी सांगायचं. अपवादाची परवानगी मागता येते.

दर तीन महिन्यांनी वही घेऊन डॉक्टरांकडे. सलग तीन महिने रात्रीचा खोकला नाही, निळा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त नाही, एकही सराव चुकला नाही, तर प्रतिबंधकाची मात्रा कमी करता येते का, हे तुम्ही स्वतः विचारा. कमी करायची वेळ मात्र नीट निवडायची. आमची मार्चमध्ये केली, स्पर्धा संपल्यावर आणि परीक्षेआधी. आता पुढची तारीख जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आहे, शाळा उघडायच्या आधी. तोवर कूलरची खस बदलायची आहे आणि निळ्या डब्यावर नवी तारीख लिहायची आहे.